वाळीत टाकलेला सर्व्हर

"यंदा आम्हाला बोलावलं नाहीस रे?" मंडळातल्या एका ज्येष्ठ काकांचा फोन. गणपतीची मेल पाठवणारा मीच, तीही दोनदा पाठवलेली! शोधल्यावर कळलं की आमचा सर्व्हर काळ्या यादीत गेलाय. संगणकात डॉक्टरेट केलेल्या माणसाची ही शोभा.

तर मंडळी, या यादीची गोष्ट. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या गॅरी थुर्क यांनी संगणकांची जाहिरात अर्पानेटवरच्या सुमारे ४०० लोकांना एकदम पाठवली आणि बोलणी खाल्ली. तेव्हा जाळं एवढंसं होतं, रागावणं पुरत असे. पुढे ते पुरेना. १९९७ साली कॅलिफोर्नियात पॉल व्हिक्सी आणि डेव्ह रँड यांनी त्रासदायक आयपी पत्त्यांची यादीच सुरू केली.

तिची युक्ती मला अजून आवडते. मेल १९२.०.२.१ कडून आली, की घेणारा सर्व्हर ते आकडे उलटे करतो, १.२.०.१९२, पुढे यादीचं नाव जोडतो आणि डीएनएसला विचारतो. "असं नाव नाही" म्हटलं तर या बसा. १२७.०.०.२ असं उत्तर आलं तर दार बंद. यादी स्वतः काहीच अडवत नाही. प्रत्येक घर आपापली कडी लावतं. आपल्याकडच्या वाळीत टाकण्यासारखंच.

म्हणून दाद कुठे मागायची हा प्रश्नच. लंडनमध्ये १९९८ साली सुरू झालेल्या स्पॅमहाउसवर एका जाहिरातवाल्याने अमेरिकेत खटला भरला. २००६ मध्ये कोर्टाने १ कोटी १७ लाख डॉलर भरपाई दिली, २०११ मध्ये अपिलात उरले ३ डॉलर!

आमची चूक मात्र साधी होती. पत्त्यांची वही पंधरा वर्षांची. कोणी नोकरी बदललेली, कोणी पुण्याला परतलेलं. असे मेलेले पत्ते काही काळ मेल परत पाठवतात (तेव्हाच ते काढायचे असतात, मी काढले नाहीत), मग कधीकधी यादीवाले त्यांचा सापळा करतात. तिथे मेल पोचली की पाठवणारा जुन्या वहीवर जगतोय हे उघड. शिवाय फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू तक्रारींचं प्रमाणही मोजतात. हजारात तीनच्या खाली ठेवा म्हणतात.

दोन रात्री बसून वही साफ केली, एसपीएफ आणि डीकिम नीट लावले, अर्ज केला, सुटलो. काकांना हे सगळं समजावून सांगितलं. "बरं," म्हणाले, "पण फोन करायला काय झालं होतं?"