गुंड हसू लागला तेव्हा



कामगार संघटनेत केस पिकवलेला, जेमतेम सातवी शिकलेला माणूस हॉलिवूडच्या विनोदी गुन्हेगारपटांवर बोलणार, याचे आपणांस नवल वाटले असेल. परंतु खरा चोर कोण, हा आमच्या कामातला जुनाच प्रश्न. हे चित्रपट तो हसत हसत विचारतात.

१९३१ च्या ‘लिटल सीझर’ने एडवर्ड जी. रॉबिन्सन हा पडद्यावरचा बडा गुंड ठरला. तो चित्रपट सर्वतोमुखी झाला. मात्र पुढे याच नटाने स्वतःच्या त्या रूपाची थट्टा केली, ते चित्रपट मागे पडले.

१९३३ च्या ‘द लिटल जायंट’मध्ये दारूबंदी उठणार हे ओळखून शिकागोचा दारूवाला कॅलिफोर्नियात सभ्य गृहस्थ व्हायला जातो. तिथले प्रतिष्ठित कुटुंब बनावट रोखे विकणारी पेढी त्याच्या गळ्यात बांधते. १९३८ च्या ‘अ स्लाइट केस ऑफ मर्डर’मधल्या मालकाची बिअर भिकार असते, तो ती कधी चाखत नाही आणि त्याला सांगायची कोणाची छाती नाही. असे मालक मी पुष्कळ पाहिले! १९४२ च्या ‘लार्सनी, इन्क.’मध्ये तारण नाही म्हणून बँक कर्ज नाकारते. मग नायक शेजारचे बॅगांचे दुकान घेऊन तिच्याकडे भुयार खणतो. पण दुकानच चालू लागते!

हा विनोद हवेतून आला नव्हता. मार्च १९३३ मध्ये, बँका बंद असताना, स्टुडिओंनी आठ आठवड्यांसाठी निम्मी पगारकपात पुकारली. कपात मागे घेण्याच्या वादातून झॅनक यांनी वॉर्नर सोडले. त्याच वर्षी पटकथालेखकांची आणि नटांची संघटना उभी राहिली. पडद्यावर रोख्यांची लबाडी उघडी पडत होती, त्याच वर्षी पडद्यामागे पगाराचा झगडा चालू होता.

१९५६ साली वॉर्नरने आपले जुने चित्रपट विकले व ते दूरचित्रवाणीवर गेले. २००८ मध्ये गुंडपटांच्या एका संचात ‘द लिटल जायंट’ आणि ‘लार्सनी, इन्क.’ डिस्कवर आले. मी तो संच जपून ठेवला आहे. गाजलेली कृती कोणीही जपतो. दुय्यम मानलेली कृती जपणाराच नसला, तर ती जाते. तिच्याबरोबर त्या काळाचे हसूही जाते. आणि मित्रहो, लोक कोणाला हसत होते हे कळल्यावाचून ते कोणाला भीत होते, हे इतिहासाला कळत नाही.