माजावर आलेल्या कुत्रीची काळजी

कुत्री साधारणतः 6 महिन्यांतून एकदा माजावर येते आणि हा काळ सुमारे 3 आठवडे टिकतो. योनीमुखाची सूज व रक्तस्राव ही पहिली लक्षणे. रक्त ओसरले की माज संपला, ही समजूत घातक आहे. स्राव फिकट, गवती रंगाचा होतो तेव्हाच, बहुधा दुसऱ्या आठवड्यात, कुत्री नराला जवळ येऊ देते व गर्भधारणेचा संभव सर्वाधिक असतो. भटका नर गंधावरून दुरूनही येतो. म्हणून उम्म अल हस्समच्या गल्ल्यांत पट्टा क्षणभरही सोडू नये. उन्हाळ्यात फिरणे पहाटेच, कारण दुपारचे डांबर पंजे भाजते. लंगोट सदनिकेतील गालिचा वाचवतो, गर्भधारणा रोखत नाही.

खरा धोका पुढे असतो. माजानंतर साधारण 2 ते 8 आठवड्यांत गर्भाशयात पू होऊ शकतो: अति तहान, मलूलपणा, उलट्या, दुर्गंधीयुक्त स्राव. गर्भाशयाचे मुख बंद असल्यास स्राव दिसतही नाही, आणि तोच प्रकार अधिक जीवघेणा. अशा वेळी त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. उपाय बहुधा शस्त्रक्रियाच. सुटीत मायदेशी जाणाऱ्यांनी माजाची तारीख कुत्री सांभाळणाऱ्यास लिहून द्यावी. वंध्यीकरण करावयाचे असल्यास माजानंतर 2 ते 3 महिन्यांनी करणे सोयीचे.