तारेवरचा पहारा

चेन्नईच्या जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या एखाद्या कंपनीत रात्री टेलिफोनची पीआरआय लाइन (एकाच वेळी अनेक कॉल वाहणारी) बंद पडली, की ती सांभाळणाऱ्या गेटवेकडून देखरेखीच्या संगणकाकडे एक लहानसा संदेश सुटतो. त्याला ‘ट्रॅप’ म्हणतात. यूडीपीच्या १६२ क्रमांकाच्या पोर्टवर तो येतो, पडद्यावरची एक ओळ लाल होते आणि ड्युटीवरच्या माणसाच्या मोबाइलवर एसएमएस जातो. सकाळी कोणी रिसीव्हर उचलून ‘फोन डेड आहे’ म्हणण्याआधीच बिघाड कळलेला असतो.

हा संदेश इंटरनेटचं अपत्य समजला जातो. १९८८ साली जेफ्री केस, मार्क फेडोर, मार्टिन शॉफस्टॉल आणि जेम्स डेव्हिन या चौघांनी एसएनएमपी नावाचा नियमसंच मांडला आणि ट्रॅप हा त्याचाच एक भाग, एवढ्यावर बहुतेक इतिहास संपतात. मला हे पटत नाही. हे मूल इंटरनेटने दत्तक घेतलेलं आहे. त्याचं मूळ घराणं समुद्राखालच्या टेलिग्राफ तारेचं आणि मद्रासच्या किनाऱ्याशी त्या घराण्याची सोयरीक १८७०-७१ सालची.

माझा सगळा डोलारा विलोबी स्मिथ या तार कंपनीच्या एका इलेक्ट्रिशियनवर उभा आहे.

१८६५ साली ‘ग्रेट ईस्टर्न’ हे अवाढव्य जहाज आयर्लंडहून अमेरिकेकडे तार सोडत निघालं. तारेची तपासणी पाळ्यांनी व्हायची. काही वेळ इन्सुलेशन मोजायचं, मग काही वेळ किनाऱ्याशी संदेशांची देवघेव. देवघेव चालू असताना इन्सुलेशनवर कोणाचाच डोळा नसे. जहाज मात्र चालत राही आणि तेवढ्यात खराब तुकडा मागे समुद्रतळाशी जाऊन बसे. निघाल्यावर दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, दोष आढळला. तार उलटी ओढून पाहिली, तर लोखंडी तारेचा एक तुकडा गटापर्चाच्या (रबरासारख्या चिकाच्या) आवरणात आरपार घुसलेला. २९ जुलैला पुन्हा तेच. २ ऑगस्टला तिसऱ्यांदा तार मागे ओढताना ती तुटली आणि हजाराहून अधिक मैलांची मेहनत अटलांटिकच्या तळाला गेली.

स्मिथने १८६६च्या मोहिमेसाठी पाळ्याच काढून टाकल्या. किनाऱ्यावरचं तारेचं टोक त्याने प्रचंड मोठ्या रोधातून गॅल्व्हनोमीटरला जोडलं. रोध इतका मोठा, की त्यातून जाणाऱ्या प्रवाहाने जहाजावरची मोजणी बिघडू नये, आणि तरीही किनाऱ्यावरच्या आरशातला प्रकाशाचा ठिपका हलावा. आता दोन्ही टोकांना अखंड पहारा बसला. संदेशही त्या पहाऱ्यात खंड न पाडता जाऊ लागले. दोष समुद्रात उतरण्याआधीच स्वतःची वर्दी देऊ लागला. २७ जुलै १८६६ला तार पलीकडे पोचली.

स्मिथ ज्या ‘टेलिग्राफ कन्स्ट्रक्शन अँड मेंटेनन्स’ कंपनीचा मुख्य इलेक्ट्रिशियन होता, त्याच कंपनीने १८७० साली मुंबई ते एडन तार टाकली. ती टाकायला ‘ग्रेट ईस्टर्न’ मुंबईच्या बंदरात येऊन गेली होती. लगोलग १८७०-७१मध्ये मद्रासहून पिनांगमार्गे सिंगापूरची तार पडली, तीही याच कंपनीच्या हातची. अटलांटिकमध्ये पोळलेली मंडळी बंगालच्या उपसागरात जुन्या पाळ्यांकडे परतली असतील, हे मला अशक्य वाटतं. मद्रासच्या किनाऱ्यावरही तोच ठिपका डोळ्यांत तेल घालून कोणीतरी पाहत बसलं असणार.

या पहाऱ्यातून आणखी एक अजब गोष्ट निघाली. स्मिथला मोठे आणि स्थिर रोध हवे होते. म्हणून त्याने सेलेनियमच्या कांड्या वापरून पाहिल्या, पण त्यांचा रोध सारखा बदलायचा. त्याचा सहायक जोसेफ मे याच्या ध्यानात आलं, की कांडीवर उजेड पडला की रोध उतरतो. फेब्रुवारी १८७३मध्ये स्मिथने हे जाहीर केलं. सात वर्षांनी ग्रॅहॅम बेलने याच सेलेनियमच्या जोरावर ‘फोटोफोन’ बनवला आणि माणसाचा आवाज प्रकाशाच्या झोतावरून पाठवला. तारेतला दोष हुडकायला आणलेला पदार्थ टेलिफोनच्या कामी आला! आज चेन्नईतल्या ऑफिसांमधलं बोलणं काचेच्या तंतूतून प्रकाश होऊन धावतं, तेव्हा मला हटकून त्या कांड्या आठवतात.

२८ जानेवारी १८८२ला कलकत्ता आणि मुंबईबरोबर मद्रासलाही टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. पुढे स्ट्राउजरची स्वयंचलित यंत्रणा आली, मग क्रॉसबार, मग डिजिटल. हे टप्पे सर्वांना ठाऊक आहेत. मला रस आहे तो एक्स्चेंजमधल्या एका क्षुल्लक वस्तूत. ती म्हणजे ‘ग्रासहॉपर’ फ्यूज.

एक्स्चेंज ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चाले आणि शेकडो फ्यूज ओळीने बसवलेले असत. या फ्यूजमध्ये बारीक तारेने एक स्प्रिंग वाकवून धरलेली असे. तार वितळली की स्प्रिंग टुणकन उडून शेजारच्या पट्टीला टेकायची आणि त्या पट्टीवरून घंटा वाजायची, रॅकवर दिवा लागायचा. माणसाने आधी घंटेचा माग काढायचा, मग दिव्याचा, मग उडालेल्या स्प्रिंगचा. मोडलेली वस्तू मोडता मोडता स्वतःच ओरडते, कोणी विचारण्याची वाट पाहत नाही. ट्रॅप नेमका हेच करतो.

ट्रॅपच्या उगमाबद्दल प्रतिस्पर्धी मतं दोन आहेत. पहिलं ‘पिंग’वाल्यांचं. माइक म्यूसने डिसेंबर १९८३मध्ये पिंग लिहिला तो पाणबुडी शोधणाऱ्या सोनारवरून. नेटवर्कची सगळी देखरेख तिथून निघाली, असं ते म्हणतात. पण पिंग हाक मारून ‘आहेस का?’ विचारतो. ही १८६५ची पाळी झाली! पाच मिनिटांनी एकदा विचारायचं, तर मधल्या चार मिनिटांत फोन पडून पुन्हा उठला तरी पत्ता लागत नाही.

दुसरं मत संगणकवाल्यांचं आणि ते जास्त वजनदार आहे. १९५०च्या दशकातल्या आयबीएम ७०४ या संगणकात ‘ट्रॅपिंग मोड’ होता. विशिष्ट प्रसंग आला की चालू काम सोडून ठरलेल्या जागी उडी मारायची. नाव तिथून आलं हे मी विनातक्रार मान्य करतो. पण तिथे खबर यंत्राच्या पोटातच राहते. दूरवरच्या माणसाला उठवायचं, बिघाड किती गंभीर ते सांगायचं आणि दुरुस्ती झाल्यावर ‘मिटलं’ अशी वर्दी द्यायची, ही रीत एक्स्चेंजची. आपल्या सी-डॉट या सरकारी संस्थेच्या मोठ्या एक्स्चेंजमध्येही ‘अलार्म डिस्प्ले पॅनल’ असे. दिसायला दिवे, ऐकायला भोंगा. टेलिफोनवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९२च्या एक्स.७३३ या मानकात क्रिटिकल, मेजर, मायनर, वॉर्निंग आणि क्लिअर्ड अशी उतरंड लिहून ठेवली. आजच्या देखरेखीच्या पडद्यावर याच उतरंडीची भावंडं दिसतात. रक्त कोणाचं, ते इथे ओळखू येतं.

आणि हे घराणं मद्रासला परतलं. आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले आणि क्वालकॉममध्ये बिनतारी टेलिफोनवर काम केलेले श्रीधर वेम्बू यांनी १९९६ साली भाऊ आणि टोनी थॉमस यांच्यासह ‘अॅडव्हेंटनेट’ सुरू केली. पहिला माल एसएनएमपीचाच. उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांना आपापल्या यंत्रांवर देखरेख ठेवायला लागणारं सॉफ्टवेअर ते विकत आणि ते लिहिलं जाई चेन्नईत. डॉट-कॉमचा फुगा फुटल्यावर त्यातली बरीच गिऱ्हाइकं नाहीशी झाली. मग थेट ऑफिसांच्या आयटी विभागांसाठी ‘मॅनेजइंजिन’ आलं, त्यात ‘ऑपमॅनेजर’. २००९मध्ये कंपनीने ‘झोहो’ हे नाव घेतलं. त्या नावाखाली लोकांना हिशेबाचं आणि ईमेलचं सॉफ्टवेअर दिसतं. पाया मात्र बिघाडाच्या वर्दीचा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

तोवर ऑफिसचा टेलिफोनच नेटवर्कवर आला होता. जुन्या फोनचा रिसीव्हर खाली असताना त्याचं वर्तुळ उघडं असे. त्यामुळे तार तुटली तरी एक्स्चेंजला फरक कळत नसे. आयपी फोन मात्र ठरावीक वेळाने सर्व्हरकडे हजेरी लावतो. अॅस्टरिस्कसारख्या सर्व्हरमध्ये ‘क्वालिफाय’ लावलं, की तो साधारण मिनिटाला एकदा फोनला हाक मारतो आणि काही सेकंदांत उत्तर आलं नाही तर फोन आवाक्याबाहेर धरतो. म्हणजे पाळीही आली आणि ट्रॅपही. एसएनएमपीच्या चौघांनी हीच सांगड घातली होती. ट्रॅप थोडे आणि मोजके, त्यांनी फक्त कुठे आणि केव्हा विचारायचं ते दाखवावं.

ही सांगड का लागते, हे डिसेंबर २०१५च्या पुरात चेन्नईने पाहिलं. वीज गेली आणि मोबाइल, लँडलाइन, इंटरनेट, सगळंच कोलमडलं. पाण्यात गेलेलं यंत्र ट्रॅप पाठवत नाही. यूडीपीवरून निघालेला साधा ट्रॅप पोचला की नाही, हे पाठवणाऱ्यालाही कळत नाही. म्हणून एसएनएमपीच्या दुसऱ्या आवृत्तीत पोच मागणारा ‘इन्फॉर्म’ आला. डीएसएल आणि फायबरच्या उपकरणांत ‘डाइंग गॅस्प’ असतो. वीज गेल्यावर कपॅसिटरमध्ये उरलेल्या ऊर्जेवर यंत्र एक शेवटचा संदेश सोडतं. त्यातून केबल तुटली की प्लग निघाला, एवढा भेद दूरवरच्या माणसाला करता येतो. पण तो ऐकणारा संगणक त्याच इमारतीत, त्याच वीजवाहिनीवर असला, तर दोघं एकदमच गप्प होतात. स्मिथने पहारा दोन्ही टोकांना बसवला होता. चेन्नईतल्या फोन यंत्रणेवरही कोइम्बतूर किंवा पुण्यातून दुसऱ्या संगणकाने नजर ठेवावी आणि इशारा वेगळ्या कंपनीच्या सिमवरून जावा.