प्रगतिपत्रकातील श्रेणी आणि मुलाचे प्रत्यक्ष शिकणे

प्राथमिक शाळेच्या प्रगतिपत्रकावर श्रेणी असते. अ-1 म्हणजे 91 ते 100 टक्के, ब-2 म्हणजे 61 ते 70, ड म्हणजे 33 ते 40, त्याखाली इ-1 व इ-2. महाराष्ट्रात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची ही पद्धत रुजली. पहिली-दुसरीत 70 टक्के भार आकारिक मूल्यमापनाला, म्हणजे तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम, स्वाध्याय यांना असतो आणि 30 टक्के सत्राअखेरच्या संकलित मूल्यमापनाला. पाचवीत हे प्रमाण निम्मे-निम्मे होते.

मुलाला केवळ पेपरवर तोलू नये, हा यामागचा विचार योग्यच आहे. अडचण अशी की, प्रकल्पाची वही घरच्यांनी सजवली तरी श्रेणी सुधारते. त्यामुळे ब-1 असलेल्या मुलाला परिच्छेद वाचता येतोच, असे समजू नये. चौथीपर्यंत मूल वरच्या वर्गात जातच राहते. पाचवीत मात्र आता वार्षिक परीक्षा आहे. नापास झाल्यास पूरक मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षा, त्यातही अपयश आल्यास त्याच वर्गात बसावे लागते. राहिलेली कसर तेव्हा अचानक दिसते आणि दोष मुलाच्या माथी मारला जातो.

म्हणून वस्तीत अभ्यासिका चालवणाऱ्या कार्यकर्त्यांनी दुसरी-तिसरीतच पाहणी करावी. मुलाच्या इयत्तेपेक्षा एक वर्ग खालचे, त्याने पाठ न केलेले पान वाचायला द्या आणि मजकुरावर दोन प्रश्न विचारा. मग 52 वजा 27 करायला सांगा. उत्तर 35 आले, तर मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते आहे. त्याला दशक सुटे करणे समजलेले नाही. अशा मुलाला पाढे घोकायला लावून काहीही साधत नाही. काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवावे लागतात.

त्यानंतर शाळेत जा. पत्रकातील 'सुधारणा आवश्यक' हा रकाना बहुतेक पालक वाचत नाहीत, तोच आधी वाचा. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 24 नुसार प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरजेप्रमाणे जादा अध्यापन करणे, तसेच पालकांना हजेरी व प्रगती सांगणे हे शिक्षकांचे कर्तव्य आहे. "माझं मूल कसं आहे?" असे विचारले की "बरं आहे" एवढेच ऐकायला मिळते. "हातच्याची वजाबाकी येत नाही, त्यासाठी काय करणार आहात?" असे विचारा, बोलणे पुढे जाते. अनुदानित व सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत 75 टक्के सदस्य पालक असतात, एकूण सदस्यांत निम्म्या महिला. आपल्या वस्तीतील आई त्या बैठकीला खरोखर बसते की घरी सही घ्यायला वही येते, हेही विचारून घ्यावे.

आणि मूल फळ्यावरचे उतरवताना चुकत असेल, तर त्याला 'ढ' म्हणण्याआधी डोळे व कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक सरकारी व अनुदानित शाळांत तपासणीला येते. येण्याची तारीख मुख्याध्यापकांना विचारता येते.