भोवळ, भीती आणि वैद्यकातली वाटणी

महिनोन्‌महिने डोके हलके वाटते, उभे राहिले की तोल जाईलसे वाटते, गर्दीच्या बाजारात ते वाढते, सोबत धडधड आणि धास्ती. असा रोगी कानाच्या डॉक्टरकडे जातो, तपासण्या बिनदोष निघतात आणि ‘टेन्शन घेऊ नका’ एवढे ऐकून तो परत येतो. या टोलवाटोलवीमागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो नीट पाहिला तर कान आणि मन ही वाटणी वैद्यकाने केलेली दिसते. रोग्याच्या शरीरात ती कधीच नव्हती.

१८७० साली व्हिएन्नाच्या मोरित्झ बेनेडिक्ट यांनी मोकळा चौक ओलांडताना चक्कर येणाऱ्या रोग्यांचे वर्णन केले आणि दोष डोळ्यांच्या स्नायूंकडे दिला. लगेचच बर्लिनच्या कार्ल वेस्टफाल यांनी तशाच रोग्यांबद्दल लिहिले की मूळ त्रास भीतीचा आहे. त्यांच्या रोग्यांना दुकाने बंद झाल्यावर ओस पडलेला रस्ता असह्य होई. पण सोबतीला माणूस असला, जवळून एखादी गाडी जात असली, निदान हातात काठी असली, तरी धीर येई. काठी मनाला आधार देते तशी तोलालाही देते. म्हणजे ज्या निरीक्षणावरून भीतीचा निष्कर्ष निघाला, त्यावरून तोलाचाही निघू शकला असता. तरीही वेस्टफाल यांचा ‘अ‍ॅगोराफोबिया’ रूढ झाला, बेनेडिक्ट मागे पडले आणि हा रोगी मानसोपचाराच्या खात्यात गेला.

वाटणीमुळेच प्रगती झाली, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. १८६१ साली पॅरिसच्या प्रॉस्पर मेनिएर यांनी गरगरण्याचे झटके आंतरकर्णातून येऊ शकतात हे मांडले. त्याआधी असे झटके मेंदूत रक्त साठल्याचे लक्षण मानून रोग्याचे रक्त काढले जाई. पुढे रॉबर्ट बारानी यांनी कानात गरम-थंड पाणी सोडून तोलाची यंत्रणा तपासण्याची पद्धत बसवली. त्यांना १९१४चे नोबेल मिळाले. हे ऋण मोठे आहे. पण ज्याचे मोजमाप करता आले तेवढे कानाचे झाले, आणि उरलेले सारे मनाचे ठरले.

ही भिंत ओलांडण्याची वाट १९४०च्या दशकात लंडनमध्ये सापडली. कानाचे सर्जन टेरेन्स कॉथॉर्न आणि डॉ. कूक्सी यांच्या रोग्यांत डोक्याला इजा झालेले आणि आंतरकर्णाच्या शस्त्रक्रियेतून उठलेले लोक होते. अंथरुणात निपचित पडणाऱ्यांपेक्षा हालचाल करणारे लवकर सावरतात, हे दिसल्यावर व्यायामांचा क्रम बसवला गेला: आधी नुसते डोळे वर-खाली, मग मान, मग डोळे मिटून उठणे-बसणे, चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात फेकणे, उतारावर चालणे. चक्कर आणणारी हालचाल टाळायची नाही, ती थोडी थोडी करत राहायची. भीतीवरच्या उपचारातही पुढे हेच तत्त्व आले.

१९८६ साली थॉमस ब्रांट आणि मारियान डीटरिश यांनी चक्कर व भीती एकत्र असलेल्या विकाराचे स्वतंत्र वर्णन केले, आणि २०१७ मध्ये बारानी सोसायटीने त्याच परंपरेतल्या दीर्घकालीन विकाराचे निकष ठरवले: तीन महिने किंवा अधिक काळ, बहुतेक दिवस त्रास; उभे राहिल्यावर, हालचालीने आणि हलत्या दृश्यांनी वाढ.

‘म्हणजे शेवटी मनाचेच ना?’ हा आक्षेप येथे टिकत नाही. अनेकांत सुरुवात आंतरकर्णाच्या खऱ्या आजाराने होते. तो बरा झाला तरी मेंदू संकटकाळातली सावध चाल सोडत नाही. चिंता ती चाल पक्की करते, आणि चक्कर चिंतेला खतपाणी घालते. तोलाचे व्यायाम, विचार-वर्तन उपचार आणि चिंतेवरची सेरोटोनिन गटातली औषधे एकत्र वापरली जातात ती यासाठी. औषधांबाबत भक्कम तुलनात्मक पुरावा अजून कमी आहे, हे मान्य करायला हवे. मात्र चक्कर दाबणाऱ्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्यास मेंदूचे सावरणे लांबते, याबद्दल तज्ज्ञांत मोठा मतभेद नाही. तेव्हा अचानक चक्कर येऊन बोलणे अडखळले किंवा हातपाय लुळे पडले तर तडक रुग्णालय गाठा. पण जुन्या चक्करेसाठी त्याच गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना तोलाच्या व्यायामांबद्दल आणि चिंतेच्या उपचारांबद्दल एकाच भेटीत विचारा.