वेळेवर ताबा : कोलोस्टॉमीच्या इतिहासाची दुसरी बाजू

‘पोट साफ झालं का?’ हा प्रश्न आपल्या घरांत आजही सहज विचारला जातो. एरंडेल, त्रिफळा, ईसबगोल ही नावे लहान मुलांनाही ठाऊक असतात. ज्या समाजात शौचाच्या नियमिततेची चौकशी इतक्या मोकळेपणाने होते, त्याच समाजात एका अवस्थेविषयी मात्र कोणी बोलत नाही. कर्करोगामुळे, अपघातामुळे किंवा आतड्याच्या दीर्घ आजारामुळे ज्यांचा मलमार्ग बंद करावा लागतो, त्यांचे आतडे पोटाच्या भिंतीतून बाहेर काढून तेथे नवे तोंड तयार करतात. मोठ्या आतड्याचे तोंड असेल तर ती कोलोस्टॉमी, लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचे असेल तर इलिओस्टॉमी. या तोंडाला ‘स्टोमा’ म्हणतात. त्याला झाकणारे स्नायू नसतात. मल केव्हा येईल यावर माणसाची सत्ता राहत नाही.

वैद्यकाच्या इतिहासग्रंथांत या शस्त्रक्रियेची हकीकत शल्यविशारदांची हकीकत म्हणून येते. छेद कोणी कोठे घेतला, रुग्ण किती दिवस जगला, याची नोंद सापडते. जगलेल्या रुग्णाने पुढची वर्षे कशी काढली, हा भाग तळटिपांत राहतो. प्रस्तुत लेख त्या भागाविषयी आहे. मी डॉक्टर नाही. येथे उपचाराचा सल्ला नाही, इतिहास आहे.

स्पंज आणि चामड्याची थैली

आपल्याकडे असा विषय निघाला की सुश्रुताचे नाव निघते. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात उदररोगांच्या प्रकरणात पोट उघडून आतडे तपासण्याचे आणि फाटलेल्या आतड्याच्या कडा काळ्या मुंग्यांच्या दंशाने जोडण्याचे वर्णन आहे, हे खरे. पण ते आतडे जोडून पुन्हा आत ठेवण्याचे तंत्र आहे. आतड्याचे तोंड कायमचे बाहेर आणण्याची कल्पना वेगळी आहे, आणि दोन्हींची गल्लत करू नये.

ही वेगळी कल्पना 1710 मध्ये पॅरिसच्या अलेक्सिस लित्र याने मांडली. गुदद्वाराचा मार्ग जन्मतःच बंद असलेल्या आणि काही दिवसांतच मरण पावलेल्या अर्भकाचे शवविच्छेदन केल्यावर त्याने सुचवले की, आतडे पोटाच्या भिंतीशी जोडले असते तर मूल वाचू शकले असते. त्याने स्वतः ही शस्त्रक्रिया केली नाही. 1776 मध्ये रूआँ येथील पिलोर याने गुदाशयाच्या कर्करोगाने मार्ग बंद झालेल्या एका मद्यव्यापाऱ्यावर ती केली. अडथळा हटावा म्हणून त्या रुग्णाला आधी सुमारे दोन पौंड पारा पाजलेला होता. शस्त्रक्रिया यशस्वी झाली. काही आठवड्यांतच रुग्ण गेला तो त्या पाऱ्याने आतड्याला केलेल्या इजेमुळे. तोंडावर पट्ट्याने बांधलेला स्पंज, एवढीच त्याची सोय होती.

1793 मध्ये, म्हणजे पुण्यात सवाई माधवराव गादीवर होते त्या काळात, फ्रान्समधील ब्रेस्त बंदरात द्यूरे या शल्यविशारदाने तीन दिवसांच्या बालकावर अशीच शस्त्रक्रिया केली. आधी त्याने एका मृत अर्भकावर तिचा सराव करून पाहिला होता. हे मूल पंचेचाळीस वर्षे जगले. या पंचेचाळीस वर्षांतील प्रत्येक सकाळ त्याने कशी निभावली, याची नोंद मात्र नाही.

अशी नोंद पुसटशी सापडते ती दागेसो याच्या रुग्णाबद्दल. गाडीच्या खुंटावर पडून पोट फाटलेला हा शेतकरी. 1795 च्या सुमारास त्याच्यावर कोलोस्टॉमी झाली आणि तो एक्याऐंशी वर्षांचा होऊन वारला. मल साठवण्यासाठी तो नाडीने आवळायची चामड्याची लहान थैली वापरत असे. आजच्या पिशवीची ही पूर्वज.

जगणाऱ्यांची संख्या वाढली

एकोणिसाव्या शतकात भर होता तो रुग्ण जगवण्यावर. 1839 मध्ये अमुसा याने पाठीकडून, कमरेतून आतडे बाहेर काढण्याची पद्धत पुढे आणली. निर्जंतुकीकरण नसलेल्या त्या काळात पोटाच्या आतले आवरण उघडणे म्हणजे बहुधा मृत्यूच. ते टाळणे हा त्याचा हेतू. पण कमरेवरचे तोंड रुग्णाला स्वतःला ना दिसते ना नीट धुता येते. भूल आणि जंतुनाशके आल्यावर तोंड पुन्हा पुढे आले. ही गोष्ट फक्त शस्त्रक्रियेच्या सोयीची मानली जाते. खरे तर ती रुग्णाच्या हातांच्या सोयीचीही होती.

1908 मध्ये लंडनच्या अर्नेस्ट माइल्स याने गुदाशयाचा कर्करोग पोटातून आणि खालून अशा दोन्ही बाजूंनी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तिच्यानंतर कायमची कोलोस्टॉमी अटळ असे. ही पद्धत पुढे अनेक दशके प्रमाण राहिली. आता कोलोस्टॉमी हा मरणापूर्वीचा शेवटचा उपाय उरला नाही. त्यानंतर वर्षानुवर्षे कामधंदा, संसार, प्रवास करणारी माणसे दिसू लागली, आणि त्यांचा प्रश्न एकच होता: शौचाची वेळ ठरवता येईल का?

सकाळचा एक तास

उत्तर शरीराच्या रचनेतच होते. मोठे आतडे पाणी शोषते, त्यामुळे त्याच्या डाव्या, शेवटच्या भागापर्यंत पोचलेला मल घट्ट असतो. तो सतत सरकत नाही. दिवसातून मोजक्या वेळा, विशेषतः जेवणानंतर, मोठी लाट येते आणि मल पुढे ढकलला जातो. ही लाट आपण ठरवलेल्या वेळी आणली, तर मधला काळ मोकळा मिळतो. ती आणण्याचे साधन म्हणजे कोमट पाणी.

1927 मध्ये लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील लॉकहार्ट-ममरी याने कोलोस्टॉमीच्या रुग्णांना असे धुणे सुचवले. खांद्याच्या उंचीवर पाण्याचे भांडे टांगायचे, नळीने अर्धा ते एक लिटर पाणी स्टोमातून सावकाश आत सोडायचे, आणि आतडे रिकामे होईपर्यंत थांबायचे. सगळे मिळून सुमारे तासभर लागतो. सराव झाल्यावर अनेकांना चोवीस ते अठ्ठेचाळीस तास काही येत नाही; तेवढ्यापुरती एक छोटी टोपी किंवा कापडाची घडी पुरते. आपल्याकडील बस्तीची आठवण येणे स्वाभाविक आहे. तत्त्व ओळखीचे आहे, मार्ग वेगळा.

यावर दोन देशांत दोन मते झाली. अमेरिकेत धुण्याची पद्धत रुजली. ब्रिटनमध्ये मात्र कडक नळीने आतड्याला भोक पडल्याच्या घटनांमुळे डॉक्टर सावध झाले, आणि आहार सांभाळून नैसर्गिकपणे होऊ द्यावे हा सल्ला प्रबळ झाला. पुढे नळीच्या टोकाला मऊ शंकू आला. तो आत फार शिरत नाही आणि पाणी परत येऊ देत नाही, त्यामुळे धोका बराच कमी झाला. ही सोय सर्वांसाठी नाही. इलिओस्टॉमीत मल पातळच असतो आणि सतत येतो, तेथे वेळ बांधता येत नाही.

या नियमिततेलाही किंमत होती. 1952 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सदरलंड आणि सहकाऱ्यांनी ‘कोरडी’ कोलोस्टॉमी ठेवणाऱ्या रुग्णांचा मानसिक अभ्यास प्रसिद्ध केला. धुण्याभोवती सारा दिवस बांधून घेतलेली, तरीही गळतीच्या धास्तीत राहणारी माणसे त्यात भेटतात. वेळ ताब्यात आली, तरी भीती गेली नव्हती.

कांडोळाचा डिंक

ज्यांना वेळ बांधता येत नाही, त्यांची भिस्त पिशवीवर. लहान आतड्यातील पाचकरस त्वचा अक्षरशः जाळतात, म्हणून पिशवी त्वचेला घट्ट चिकटणे हा कळीचा मुद्दा. 1940 च्या दशकात शिकागोत स्ट्रॉस या शल्यविशारदाच्या केनिग नावाच्या रुग्णाने, जो रसायनशास्त्राचा विद्यार्थी होता, रबराची चिकटणारी पिशवी घडवली. 1952 मध्ये ब्रायन ब्रूक याने इलिओस्टॉमीचे तोंड उलटवून थोडे उंच ठेवण्याची रीत सांगितली. मल त्वचेवर न पडता थेट पिशवीत जाऊ लागला.

त्याच दशकात क्लीव्हलँडच्या रुपर्ट टर्नबुल याने त्वचेच्या रक्षणासाठी ‘कराया’ वापरला. कराया म्हणजे आपल्या कांडोळाचा डिंक. सह्याद्रीच्या उतारांवर, सातपुड्यात पांढुरक्या, चमकत्या खोडाचे हे झाड अनेकांनी पाहिले असेल. भुताचे झाड म्हणतात ते हेच. त्याचा डिंक भारतातून परदेशी जात असे आणि कवळी बसवण्याच्या भुकटीत वापरला जाई. ओलाव्याने तो फुगतो, चिकटतो, आणि सोललेल्या त्वचेलाही सोसतो. जंगलात खोडाला खाचा पाडून तो गोळा करणाऱ्या आदिवासींना तो कोठे पोचतो याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. हाच डिंक पोटात घेतल्यावर पाणी धरून मल बांधतो, ईसबगोलाचेही तेच. स्टोमाच्या रुग्णांना मल आटोक्यात ठेवण्यासाठी हे दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्याने दिले जातात.

टर्नबुल याने 1958 मध्ये नोर्मा गिल या स्वतःच्याच रुग्णाला कामावर घेतले. तिची इलिओस्टॉमी झालेली होती, आणि ती इतर रुग्णांना पिशवी लावायला, त्वचा सांभाळायला, बाहेर पडायला शिकवत असे. 1961 मध्ये तेथे या कामाचे शिक्षण सुरू झाले. डेन्मार्कमध्ये 1954 साली एलिसे सोरेनसेन या परिचारिकेने, शस्त्रक्रियेनंतर घराबाहेर पडायला घाबरणाऱ्या आपल्या बहिणीसाठी, चिकटणाऱ्या आणि टाकून देता येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीची कल्पना मांडली. प्लॅस्टिक उत्पादक लुई-हान्सेन सुरुवातीला तयार नव्हते. त्यांची पत्नी स्वतः परिचारिका होती; तिने गळ घातली तेव्हा पिशव्या निघाल्या.

नोंद कोणाची

एकत्र पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट होते. आतडे बाहेर काढण्याची युक्ती शल्यविशारदांनी शोधली. त्यानंतर जगण्याच्या युक्त्या शोधण्यात शेतकरी, विद्यार्थी, बहीण, परिचारिका आणि रुग्ण यांचा वाटा मोठा आहे.

आपल्याकडे मुंबईत 1941 मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, आणि 1970 च्या दशकात ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया उभी राहिली. पण साधने आली म्हणून प्रश्न सुटत नाही. धुण्याच्या पद्धतीला सकाळचा एक तास, स्वच्छ पाणी, भांडे टांगायला खुंटी आणि आतून कडी असलेले शौचालय लागते. चाळीतल्या सामायिक शौचालयाबाहेर रांग लागलेली असताना हा तास कोठून आणायचा? खेड्यातल्या बाईने तो कोणाला काय सांगून मागायचा? पिशवी परवडत नाही तेथे कापड, प्लॅस्टिकची साधी थैली, पट्टा अशा युक्त्या आजही चालतात, आणि त्यांची नोंद कोठेच होत नाही.

आजीच्या बटव्यातल्या औषधांवर मराठीत पुस्तकामागून पुस्तक निघते. स्टोमासह वीस-तीस वर्षे संसार केलेल्या माणसांनी काय खाल्ले, केव्हा उठले, लग्नाला जाताना काय टाळले, एस.टी.चा प्रवास कसा केला, हे ज्ञान मात्र त्यांच्याबरोबरच संपते. द्यूरेच्या त्या रुग्णाच्या पंचेचाळीस वर्षांबद्दल आता काही करता येणार नाही. आपल्या घरांतल्या अशा माणसांना विचारता येईल, आणि त्यांनी सांगितलेले लिहून ठेवता येईल.