काळीज, कायदा आणि बालाघाट

मराठीत काळीज म्हटले की कवीला हृदय आठवते आणि खाटकाला यकृत. शब्दाच्या इतिहासात खाटीक बरोबर ठरतो. संस्कृतात कालखंड म्हणजे यकृत. अमरकोशात हे दोन शब्द समानार्थी म्हणून शेजारी शेजारी बसले आहेत. हिंदीतली कलेजी आणि आपले काळीज त्याच गोतावळ्यातले.

गोव्यात या वस्तूचे वावडे नाही. सोरपोतेलात डुकराचे काळीज हवेच. ज्या पोर्तुगालातून तो पदार्थ आला, तिथे लसूण, तमालपत्र आणि वाईनमध्ये मुरवून तळलेले काळजाचे पातळ काप हा लिस्बनचा अभिमानाचा पदार्थ. 'मोठ्याचे' म्हणाल तर गोव्यात गाय वर्ज्य, पण बैल आणि म्हैस प्रमाणपत्रावर चालते. त्यामुळे तव्यावरची कलेजी हा आपल्याला निव्वळ चवीचा विषय वाटतो. वैनगंगेकाठच्या बालाघाटात मात्र तो इतिहासाचा विषय आहे, आणि त्या इतिहासाचा बराच भाग मराठी मुलखात घडला.

बालाघाट जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला आणि सिवनी यांचे भाग जोडून झाला. पोवारी, मराठी, गोंडी, हिंदी अशा सगळ्या बोली तिथे नांदतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. सोयरिक गोंदियाला आणि सरकार भोपाळला, अशी तेव्हापासूनची स्थिती. पण मांसाचा कायदा त्याआधीचा, नागपूर राजधानी असतानाचा: मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा पशुसंरक्षण कायदा. पुढच्या दुरुस्त्यांनी त्यात गाय, वासरू, वळू, बैल या सर्वांच्या कत्तलीवर संपूर्ण बंदी आली. म्हशीला प्रमाणपत्राची वाट ठेवली.

या कायद्याविरुद्ध, आणि बिहार व उत्तर प्रदेशच्या तशाच कायद्यांविरुद्ध, कुरेशी समाजाचे लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. २३ एप्रिल १९५८ चा मोहम्मद हनीफ कुरेशी खटल्याचा निकाल जिज्ञासूंनी मुळातून वाचावा. (कारकुनाला कलमे वाचायची खोड असते, ती अशी कधी कधी कामी येते.) न्यायालयाने गाय आणि वासरांवरची बंदी उचलून धरली, पण कामातून गेलेल्या बैलांवरची सरसकट बंदी अवाजवी ठरवली. त्या विवेचनात पोषणाचा हिशेबही आहे. ज्याला फळे, दूध, तूप परवडत नाही, त्याच्या ताटातला तुकडाही काढून घेतला तर कुपोषण वाढेल, असा तो विचार. २००५ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने गुजरातच्या खटल्यात बैलांबाबतची ही भूमिका बदलली. त्याच्या आदल्याच वर्षी, २००४ मध्ये, मध्य प्रदेशाने गोवंश वध प्रतिषेध कायदा केला होता. आता बालाघाटात गोमांस जवळ बाळगणे हासुद्धा गुन्हा आहे.

निकालातला हा गरीब कोण? अनेकांपैकी एक म्हणजे महार. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात मध्य प्रांतातल्या महारांच्या अन्नाची नोंद आहे: मेलेले ढोर ओढून न्यायचे आणि खायचे. ते खाणे आवडीचे होते असे म्हणणे म्हणजे जातीचा जुलूम जिभेवर ढकलणे.

आता तारखांकडे पाहा. ऑगस्ट १९२६ मध्ये बोस्टनच्या मायनट आणि मर्फी या डॉक्टरांनी जाहीर केले की तेव्हा जीवघेणा समजला जाणारा पंडुरोग रोज भरपूर काळीज खाऊ घालून आटोक्यात येतो. ४५ रोग्यांवरचा तो अनुभव होता. १९३४ मध्ये त्यांना व्हिपल यांच्यासह नोबेल मिळाले. आणि मार्च १९२७ मध्ये, अवघ्या सात महिन्यांनी, महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा असे सांगितले. लोकांनी ते सोडले. एकीकडे काळीज औषध म्हणून ताटात येत होते, दुसरीकडे स्वाभिमानासाठी ताटातून जात होते. माझ्या मते महाडचा निर्णय रास्तच होता. प्रश्न पोषणाचा नव्हताच, माणूसपणाचा होता. पण त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांच्या घरात त्याऐवजी काय शिजले, हा प्रश्न इतिहासकारांनी फारसा विचारलेला नाही.

या कथेचा पुढचा अंक मुंबईत. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज संशोधक गिरणी कामगार बायकांच्या गरोदरपणातल्या पंडुरोगाचा शोध घ्यायला आली. १९३१ मध्ये तिने दाखवून दिले की स्वस्त यीस्टच्या अर्काने, मार्माइटने, तो बरा होतो. पुढे असेही दिसले की काळजाचा कच्चा अर्क या रोगावर चालतो, शुद्ध केलेला चालत नाही. म्हणजे काळजात दोन वेगळी द्रव्ये होती. एक पुढे फोलिक आम्ल म्हणून ओळखले गेले. दुसरे, जीवनसत्त्व बी-१२, १९४८ मध्ये वेगळे काढता आले.

तव्यावर परतलेल्या गाईबैलाच्या १०० ग्रॅम काळजात सुमारे २६ ग्रॅम प्रथिने, ६ मिलिग्रॅम लोह आणि ८० मायक्रोग्रॅमच्या आसपास बी-१२ असते. बी-१२ ची रोजची गरज जेमतेम अडीच मायक्रोग्रॅम. अ जीवनसत्त्व तर साडेसात हजार मायक्रोग्रॅमच्या वर. सुश्रुताने रातांधळेपणावर पिंपळी घालून भाजलेले बकऱ्याचे काळीज सांगितले, इजिप्तच्या वैद्यांनी बैलाचे, ते यामुळेच. मात्र अ ची सुरक्षित मर्यादा दिवसाला ३,००० मायक्रोग्रॅम आहे, आणि जास्तीचे गर्भाला बाधते. म्हणून आज गरोदर बाईला डॉक्टर काळीज टाळायला सांगतात. ल्युसी विल्सला हे वाचून गंमत वाटली असती.

बालाघाटात कायदा पाळून खायचे तर बकऱ्याचे काळीज, नाहीतर प्रमाणपत्राच्या म्हशीचे. रीत साधीच. वरचा पापुद्रा आणि शिरा काढायच्या, बोटभर जाडीचे काप करायचे, तवा चांगला तापवून तेलात लसूण आणि तिखट परतायचे, मग काप टाकून प्रत्येक बाजूला दोन-तीन मिनिटे. मीठ शेवटी. फार वेळ ठेवले तर चामडे होते, पण आत कच्चे ठेवू नये. गुराढोरांच्या यकृतात कृमी असतात. पांढरट फोड दिसलेले काळीज खाटकाला परत द्यावे.